मातीचा बैल आणि खरा बैल : नामशेष प्राण्यांच्या क्लोनिंगचा इतिहास



आजचा विषय वरवर पाहता विज्ञानाचा आहे. नामशेष झालेला प्राणी क्लोनिंग करून परत आणता येईल का? याचं उत्तर प्रयोगशाळेत मिळेल, तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या आम्हा मंडळींचं त्यात काय काम, असं आपल्यापैकी काहींना वाटेल. पण या खटाटोपाला आता शंभर वर्षं होत आली आहेत, आणि तो इतिहास क्रमाने पाहिला की एक गोष्ट ध्यानात येते. कोणीतरी 'जमलं' म्हणून जाहीर करतं, आणि मग खरा वाद सुरू होतो तो 'जे जमलं, ते तेच आहे का?' यावर. म्हणून आज आपण दोन्ही धागे बरोबर घेऊन चालू.

त्यासाठी एक जुनं माप हाताशी ठेवू. गौतमाच्या न्यायसूत्रांत शब्दाच्या अर्थाची चर्चा आहे. 'गाय' म्हटलं की त्या शब्दाने नेमकं काय सांगितलं जातं? उत्तर असं की व्यक्ती, आकृती आणि जाती, हे तिन्ही. व्यक्ती म्हणजे समोर उभी असलेली ही एक गाय. आकृती म्हणजे तिच्या अवयवांची ठेवण. जाती म्हणजे तिला गाय ठरवणारं गोत्व. तिथेच मातीच्या गायीचं उदाहरण येतं. मातीची गाय ही एक व्यक्ती आहे, तिला आकृतीही आहे, तरी गायीसाठी सांगितलेले विधी तिच्यावर कोणी करत नाही. कारण तिच्यात जाती नाही. आपल्याकडे हे वेगळं समजवायला नकोच. पोळ्याला आपण मातीचे बैल घरी आणतो, पाटावर मांडतो, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवतो. पण दुसऱ्या दिवशी त्यांना औताला जुंपायला कोणी जात नाही.

आता हे माप घेऊन इतिहासात उतरू.

पहिला प्रयत्न क्लोनिंगच्या कितीतरी आधीचा. आज जगभर ज्या गायी-बैल दिसतात त्यांचा रानटी पूर्वज ऑरोक्स. त्याची शेवटची मादी १६२७ साली पोलंडमधल्या याक्तोरूवच्या जंगलात मेली. तीनशे वर्षांनी, १९२०च्या दशकात, हेक आडनावाचे दोन जर्मन भाऊ कामाला लागले. लुट्झ हेक बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयाचे प्रमुख, हाइन्झ म्युनिकच्या. त्यांचा तर्क असा की ऑरोक्सचे गुण आजच्या गुरांत विखुरलेले आहेत. निवडक गुरांचा संकर करत गेलं की ते पुन्हा एकत्र येतील. थोड्याच वर्षांत त्यांनी यश जाहीर केलं. ती गुरं आजही युरोपात आहेत, पण त्यांना ऑरोक्स कोणी म्हणत नाही, 'हेक गुरं' म्हणतात. रंग आणि शिंगं थोडीफार जुळली, उंची-बांधा जुळला नाही. थोडक्यात, आकृतीच्या मागे लागले आणि आकृतीही पुरती हाती आली नाही.

दुसरा टप्पा १९८४चा. दक्षिण आफ्रिकेत क्वाग्गा नावाचा झेब्रा होता, पुढच्या अंगावर पट्टे आणि मागचं अंग साधं तपकिरी. शेवटचा क्वाग्गा १८८३ साली ॲम्स्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात मेला. त्यानंतर शंभर वर्षांनी कॅलिफोर्नियात ॲलन विल्सन यांच्या प्रयोगशाळेने संग्रहालयातल्या क्वाग्गाच्या वाळलेल्या कातड्याला चिकटलेल्या स्नायूतून डीएनए मिळवला. नामशेष प्राण्याचा डीएनए वाचण्याची ही पहिली वेळ. वाचलं किती? २२९ अक्षरं. सस्तन प्राण्याचा पूर्ण ग्रंथ साधारण तीनशे कोटी अक्षरांचा असतो. पण दार किलकिलं झालं होतं. सहा वर्षांनी 'ज्युरासिक पार्क' ही कादंबरी आली, १९९३ साली चित्रपट आला, आणि अंबरात अडकलेल्या डासापासून डायनासोर करता येतो अशी समजूत जगभर पसरली.

ती समजूत आपण इथेच निकालात काढू. प्राणी मेला की त्याचा डीएनए तुटू लागतो. न्यूझीलंडमध्ये मोआ नावाचे अवाढव्य, न उडणारे पक्षी होते. त्यांच्या १५८ हाडांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्या हाडांत डीएनएच्या साखळीतले निम्मे दुवे तुटायला सुमारे ५२१ वर्षं लागतात असं दिसलं. पुढच्या ५२१ वर्षांत उरलेल्यांतले निम्मे, असं ते चालू राहतं. कायम गोठलेल्या जमिनीत हा वेग मंदावतो. दहा लाख वर्षांहून जुन्या मॅमथच्या दातांतला डीएनएही वाचला गेला आहे. पण त्याच संशोधकांच्या हिशेबाने अगदी गोठलेल्या अवस्थेतही अडुसष्ट लाख वर्षांत एकही दुवा शिल्लक राहणार नाही. डायनासोर जाऊन सहा कोटी साठ लाख वर्षं झाली. तेव्हा तो विषय संपला.

मग उरतात ते अलीकडे गेलेले प्राणी. इथे क्लोनिंग म्हणजे काय ते नीट समजून घेऊ, कारण हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. डीएनए वाचणं म्हणजे क्लोनिंग नव्हे. ग्रंथ वाचून झाला म्हणून माणूस उभा राहत नाही. क्लोनिंगमध्ये एका प्राण्याच्या शरीरातली पेशी घ्यायची, दुसऱ्या मादीच्या अंडपेशीतलं केंद्रक काढून टाकायचं, त्या रिकाम्या अंडपेशीशी पहिली पेशी विजेच्या सौम्य झटक्याने जोडायची, भ्रूण वाढू लागला की तो मादीच्या गर्भाशयात ठेवायचा. स्कॉटलंडच्या रोझलिन इन्स्टिट्यूटमध्ये ५ जुलै १९९६ रोजी डॉली मेंढी जन्मली ती अशीच. २७७ अंडपेशी जोडल्या, त्यातून २९ भ्रूण मिळाले, ते १३ मेंढ्यांत ठेवले आणि एक कोकरू जन्मलं. लक्षात घ्या, डॉलीच्या वेळी पेशी जिवंत होती, मेंढ्या हव्या तेवढ्या होत्या, अंडपेशीही मेंढीच्याच होत्या. सगळं अनुकूल असताना २७७ मागे एक.

म्हणजे क्लोनिंगला चार गोष्टी लागतात. शाबूत केंद्रक असलेली पेशी, जवळच्या नात्यातली अंडपेशी, गर्भ पेलणारी मादी, आणि पुष्कळ अपयश सोसण्याइतक्या माद्या. प्राणी नामशेष झाला की यातली पहिलीच गोष्ट जाते. ती आधी राखून ठेवली असेल तरच पुढचं बोलायचं.

ती राखून ठेवल्याचं उदाहरण स्पेनमधलं. पिरेनीज पर्वतात बुकार्डो नावाची रानशेळी होती. शिकारीने ती संपत गेली. शेवटी ऑर्देसाच्या राष्ट्रीय उद्यानात एकच मादी उरली, तिचं नाव सेलिया. १९९९ साली तिला पकडून कानाच्या कातडीचा तुकडा घेतला, त्यातल्या पेशी द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवल्या आणि तिला पुन्हा सोडून दिलं. ६ जानेवारी २००० रोजी ती झाड अंगावर पडून मेलेली आढळली. बुकार्डो संपली.

मग त्या गोठवलेल्या पेशी काढल्या. अंडपेशी पाळीव शेळ्यांच्या, गर्भ वाढवायला रानशेळ्या आणि संकरित माद्या. शेकडो भ्रूण तयार केले, त्यातले थोडेच रुजले, आणि शेवटपर्यंत टिकला एक. ३० जुलै २००३ रोजी शस्त्रक्रिया करून पिल्लू बाहेर काढलं. जिवंत होतं. काही मिनिटांत गेलं, कारण फुप्फुसाची रचनाच सदोष होती. आजवरच्या इतिहासात नामशेष प्राण्याचा जिवंत जन्मलेला क्लोन म्हणता येईल असा हा एकच, आणि त्याचं आयुष्य काही मिनिटांचं.

आता आपलं माप लावू. ते पिल्लू बुकार्डो होतं का? केंद्रकातला सगळा डीएनए सेलियाचा, तेव्हा व्यक्ती म्हणून ती सेलियाची जुळी बहीणच. आकृतीही तीच. पण पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या ज्या तंतुकणिका, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, त्यांचा डीएनए वेगळा असतो आणि तो अंडपेशीतून येतो. इथे तो पाळीव शेळीचा. हा बारीक मुद्दा झाला. मोठा मुद्दा पुढचा आहे. समजा ते पिल्लू जगलं असतं, वाढलं असतं. त्याला जोडीदार कुठून आणणार? सेलियाच्या पेशींतून हजार पिल्लं केली तरी हजारही माद्या, आणि हजारही एकच. नैयायिकांची जाती आणि जीवशास्त्रातली प्रजाती एक नव्हेत हे मान्य. पण प्रजाती एका प्राण्यात मावत नाही, ती अनेकांत आणि त्यांच्या संततीत असते, एवढं दोघांनाही पटेल. स्पेनमध्ये व्यक्ती परत आली, जाती नाही.

आता आपल्या देशाकडे येऊ. भारतातला चित्ता. १९४७ साली आताच्या छत्तीसगडमधल्या कोरिया संस्थानात तीन चित्ते मारले गेले, ते शेवटचे मानले जातात. १९५२ साली तो नामशेष झाल्याचं सरकारने जाहीर केलं. त्यानंतर पन्नास वर्षांनी, २०००च्या सुमारास, हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेत डॉ. लालजी सिंह यांनी चित्त्याच्या क्लोनिंगची योजना मांडली. आशियाई चित्ता फक्त इराणमध्ये उरला होता. तिथल्या चित्त्याच्या जिवंत पेशी आणायच्या आणि बिबट्याच्या मादीकडून गर्भ वाढवायचा, अशी कल्पना. इराणने नकार दिला आणि योजना तिथेच थांबली.

इथे कोणी विचारेल, आपल्या संग्रहालयांत, राजवाड्यांत चित्त्याची कातडी आहेत की! आहेत, पण ती कमावलेली कातडी. डीएनएचे तुकडे त्यात सापडतील, जिवंत पेशी नाही. जिवंत पेशी असेल तर क्लोनिंग आपल्याकडेही जमतं. कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत २००९ साली म्हशीचे क्लोन जन्मले. पहिली पारडी काही दिवसांत दगावली, पण नंतरची गरिमा जगली. काश्मीरमध्ये २०१२ साली नूरी नावाची पश्मिना शेळी झाली. तंत्र आपल्याकडे होतं, चित्त्याची पेशी नव्हती. १९५२ पूर्वी ती राखण्याचं तंत्र नव्हतं, आणि तंत्र आलं तोवर चित्ता नव्हता.

पुढे २०२२ साली नामिबियाहून आठ आणि २०२३ साली दक्षिण आफ्रिकेहून बारा चित्ते कुनोला आणले. ते आफ्रिकी उपप्रजातीचे. मग ते 'आपले' चित्ते का, हा वाद झाला. या वादाला कोल्हापूरचा एक जुना संदर्भ आहे. कोल्हापूर संस्थानात चित्त्यांकडून काळवीट धरण्याची मोठी परंपरा होती, आणि इथले चित्ते मिळेनासे झाल्यावर तिथे आफ्रिकेतून चित्ते आणले जात. चित्तेवानांनी त्यांनाही चित्ताच म्हटलं आणि त्यांच्याकडून तेच काम घेतलं. पण त्याच धंद्यातला दुसरा अनुभव जास्त मोलाचा आहे. शिकारीसाठी चित्ता धरायचा तो वाढलेला, आईकडून शिकार शिकून झालेला. माणसाने वाढवलेलं पिल्लू शिकारीला उपयोगी पडत नाही, असं जुने जाणकार सांगत. म्हणजे बघा, चित्त्याचं चित्तेपण सगळंच्या सगळं रक्तात नसतं. काही भाग आईकडून पिल्लाकडे शिकवणुकीतून जातो. तो डीएनएत लिहिलेला नाही, म्हणून तो गोठवूनही ठेवता येत नाही. कुनोला आलेल्या चित्त्यांना निदान आया होत्या. प्रयोगशाळेत होणाऱ्या मॅमथला कळप कोण देणार? हत्तीच्या कळपात वाटा, पाणवठे, धोके वयस्क मादीला ठाऊक असतात आणि बाकीचे तिच्या मागे चालतात. मॅमथची ती शेवटची म्हातारी सुमारे चार हजार वर्षांपूर्वी रँगल बेटावर गेली.

मॅमथचा विषय निघालाच आहे तर तोही पाहू. सैबेरियाच्या बर्फात मॅमथची अख्खी कलेवरं सापडतात, केसांसकट. जपानमध्ये २००८ साली सोळा वर्षं नुसत्या गोठलेल्या उंदरांपासून क्लोन झाले, तेव्हा आशा वाढली. मग २०१९ साली जपानी संशोधकांनीच अठ्ठावीस हजार वर्षांपूर्वीच्या 'युका' या मॅमथच्या पेशींची केंद्रकं उंदराच्या अंडपेशीत घातली. काहींत विभाजनाच्या पूर्वतयारीच्या हालचाली दिसल्या, पण एकही पेशी विभागली नाही. सोळा वर्षं आणि अठ्ठावीस हजार वर्षं यांत हा फरक आहे.

खरं क्लोनिंग होत नाही म्हटल्यावर तिसरी वाट निघाली. नामशेष प्राण्याचा डीएनए वाचायचा, जवळच्या जिवंत प्राण्याच्या पेशीत निवडक बदल करायचे, आणि त्या बदललेल्या पेशीचं क्लोनिंग करायचं. अमेरिकेतल्या कोलोसल या कंपनीने एप्रिल २०२५मध्ये याच वाटेने 'डायर वुल्फ' परत आणल्याची घोषणा केली. हा हजारो वर्षांपूर्वी संपलेला मोठा लांडगा. केलं काय, तर करड्या लांडग्याच्या पेशीत १४ जनुकांत मिळून २० बदल केले आणि कुत्र्यांच्या माद्यांकडून तीन पिल्लं जन्माला घातली. पिल्लं पांढरीशुभ्र आणि धिप्पाड आहेत. आता हिशेब करू. दोन्ही प्राण्यांचा डीएनए ९९.५ टक्के सारखा आहे असं कंपनीच म्हणते. लांडग्याचा ग्रंथ सुमारे २४० कोटी अक्षरांचा. त्यातला अर्धा टक्का म्हणजे एक कोटी वीस लाख. त्यापैकी बदलली वीस. कंपनीच्या प्रमुख शास्त्रज्ञांनीही पुढे मान्य केलं की हे वीस बदल केलेले करडे लांडगेच आहेत.

शंभर वर्षांपूर्वी हेक बंधूंनी गुरांच्या गोठ्यात जे केलं, तेच इथे फार बारीक हत्याराने झालं. आकृती साधली. आम्ही या कामाला कमी लेखत नाही, मातीचा बैल घडवायलाही हात लागतो. पण त्या घोषणेनंतर काही दिवसांतच अमेरिकेच्या अंतर्गत खात्याच्या मंत्र्यांनी, प्रजाती वाचवायच्या तर नियमांपेक्षा असे नवे शोध उपयोगी, अशा अर्थाचं विधान केलं. मातीचा बैल आला, आता गोठ्यातला विकला तरी चालेल, असा तो तर्क. 'तेच आहे का' हा प्रश्न इथे तत्त्वज्ञानाच्या वर्गातून बाहेर पडतो आणि कायद्यात, जंगलात जाऊन उभा राहतो. शब्द चुकला तर प्राणी मरतात.

मग हे सगळं तंत्र वाया गेलं का? मुळीच नाही. अमेरिकेत काळ्या पायांचं फेरेट नावाचा मुंगसासारखा लहान प्राणी आहे. आज असलेली सगळी फेरेट मूळच्या सात जनावरांची संतती, त्यामुळे सगळी एकमेकांची जवळची नातलग. १९८८ साली विला नावाच्या एका मादीच्या पेशी सॅन दिएगोच्या 'फ्रोझन झू'मध्ये ठेवलेल्या होत्या. विला त्या सातांपैकी नव्हती, तिचा वंश खुंटला होता. डिसेंबर २०२०मध्ये त्या पेशींतून एलिझाबेथ ॲन जन्मली, पुढे तिच्या बहिणीही झाल्या, आणि त्यांतल्या एकीला २०२४ साली पिल्लं झाली. बत्तीस वर्षांपूर्वी गोठवलेलं रक्त पुन्हा कुळात आलं. बुकार्डोला जे मिळालं नाही ते इथे मिळालं, कारण इथे प्रजाती जिवंत होती. अंडपेशी पाळीव फेरेटची घ्यावी लागली, पण जोडीदार होते, आणि पिल्लांना सामावून घेणारं कुळ होतं.

म्हणून आजच्या प्रश्नाचं उत्तर आम्ही असं देऊ. पेशी आधी जिवंत राखलेली असेल आणि नात्यातली जनावरं शिल्लक असतील, तर क्लोनिंग शक्य आहे, कष्टाचं आणि खर्चाचं असलं तरी. पेशी राखलेली नसेल तर जे होईल ती आकृती. म्हणजे परत आणता येईल की नाही, हे प्राणी मेल्यावर नव्हे, तो जिवंत असतानाच ठरतं.

शेवटी आपल्या अंगणातली एक गोष्ट. सोलापूरजवळचं नान्नज माळढोकासाठी प्रसिद्ध. आता तिथे एखादा माळढोक दिसला तरी बातमी होते. देशभरात मिळून दीडशेच्या आसपास उरले असतील, बहुतेक राजस्थानात. आणि पक्ष्यांच्या बाबतीत डॉलीची रीत चालतच नाही. पक्ष्याची अंडपेशी बलकाने भरलेली, तिच्यातलं केंद्रक शोधणंच कठीण, आणि अंडं घातलं जातं तेव्हा आत हजारो पेशींचा भ्रूण तयार असतो. त्यामुळे माळढोकाच्या पेशी गोठवून ठेवल्या, आणि त्या ठेवायलाच हव्यात, तरी आज त्यांतून माळढोक होणार नाही. जैसलमेरच्या केंद्रात २०२४ साली कृत्रिम रेतनातून एक पिल्लू झालं, ते मात्र खरं माळढोक आहे, कारण त्याचे आईबाप माळढोक आहेत. त्याला पुढे लागेल तो गवताचा माळ, आणि उडताना आडव्या न येणाऱ्या विजेच्या तारा. या दोन्ही गोष्टी करायला क्लोनिंग लागत नाही. ते आत्ता, माळढोक आहेत तोवर करायचं काम आहे.